एएम की सिंगल साइडबँड? इंदूरच्या रेडिओप्रेमींकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना शॉर्टवेव्ह संच अजून जपून ठेवलेले श्रोते, हॅम (हौशी रेडिओ) परवान्याच्या परीक्षेची तयारी करणारे उमेदवार आणि मॉड्युलेशनचा, म्हणजे आवाज रेडिओ लहरीवर चढवण्याच्या तंत्राचा, पेपर तोंडावर आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्याकडून फिरून फिरून येणारे प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत. गणित आवश्यक तेवढेच ठेवले आहे. मात्र जेथे आकड्यांशिवाय मुद्दा पटणारच नाही, तेथे आकडे टाळलेले नाहीत.

एएम (अॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशन) प्रक्षेपणात प्रत्यक्षात काय काय असते?

आकाशवाणी इंदूरची ओळखीची ६४८ किलोहर्ट्झ ही वारंवारता उदाहरणासाठी घेऊ. निवेदक गप्प असताना हवेत ६४८ किलोहर्ट्झची एकच स्थिर लहर असते. तिला कॅरियर म्हणतात. निवेदकाऐवजी १ किलोहर्ट्झचा शुद्ध सूर मायक्रोफोनसमोर वाजवला, तर त्या कॅरियरच्या दोन्ही बाजूंना, ६४७ आणि ६४९ किलोहर्ट्झवर, आणखी दोन लहरी उभ्या राहतात. प्रत्यक्ष बोलण्यात आणि गाण्यात एकाच वेळी असंख्य सूर असल्यामुळे या दोन रेघांच्या जागी दोन पट्टे तयार होतात: ५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पाठवायचा असेल, तर खालचा पट्टा ६४३ ते ६४८ आणि वरचा ६४८ ते ६५३ किलोहर्ट्झ असा पसरतो. यांनाच लोअर साइडबँड आणि अप्पर साइडबँड म्हणतात, आणि हे दोन्ही पट्टे एकमेकांची आरशातील प्रतिमा असतात.

ऑसिलोस्कोपवर तर कॅरियरचीच उंची कमीजास्त होताना दिसते. मग कॅरियर स्थिर असते असे कसे म्हणता?

ही शंका जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला येते आणि ती योग्यच आहे. ऑसिलोस्कोप तिन्ही लहरींची बेरीज दाखवतो. दोन्ही साइडबँड कॅरियरशी एका दिशेत आले की बेरीज वाढते, विरुद्ध दिशेत गेले की घटते, आणि पडद्यावर उंची हलताना दिसते. तोच सिग्नल अरुंद फिल्टरमधून नेऊन फक्त ६४८ किलोहर्ट्झचा घटक मोजला, तर निवेदक कुजबुजला किंवा ओरडला तरी त्याची उंची बदलत नाही. म्हणजे माहिती कॅरियरमध्ये नसून केवळ साइडबँडमध्ये असते, आणि दोन्हींत तीच असते. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

सिंगल साइडबँडमध्ये (एसएसबी) काय वगळले जाते?

कॅरियर आणि दोहोंपैकी एक साइडबँड. उरतो तो एकच पट्टा, साधारण २.४ ते २.७ किलोहर्ट्झ रुंद, ज्यात ३०० हर्ट्झपासून पुढचे बोलणे जसेच्या तसे उचलून रेडिओ वारंवारतेवर नेलेले असते. कॅरियरची उणीव रिसीव्हरमध्ये भरून काढली जाते: तेथील एक लहान ऑसिलेटर, ज्याला बीएफओ म्हणतात, गाळलेल्या कॅरियरच्या जागी आपली लहर देतो, आणि त्या दोहोंच्या मिश्रणातून आवाज परत मिळतो.

मग दोन्ही साइडबँड ठेवून फक्त कॅरियरच का काढत नाहीत?

तशी पद्धत आहे आणि ती वापरातही आहे. एफएम स्टिरिओत डाव्या आणि उजव्या बाजूंचा फरक ३८ किलोहर्ट्झवर नेमका असाच पाठवला जातो. पण तेथे १९ किलोहर्ट्झचा एक पायलट सूर सोबत धाडावा लागतो, कारण दोन्ही साइडबँड असताना रिसीव्हरमध्ये तयार केलेल्या कॅरियरची केवळ वारंवारताच नव्हे, तर तिची कलाही (फेज, म्हणजे लहरीच्या चढउताराची वेळ) प्रेषकाच्या कॅरियरशी जुळावी लागते. कलेत फरक पडला की दोन्ही साइडबँडमधून येणारे आवाज एकमेकांना खाऊ लागतात, आणि फरक ९० अंशांचा झाला तर काहीच ऐकू येत नाही. वारंवारता थोडी जरी हुकली, तरी आवाज सतत फुगतो आणि बुडतो. एकच साइडबँड असेल तर भांडायला दुसरा नसतोच. कलेचा प्रश्न बोलण्यापुरता मिटतो आणि वारंवारतेतील लहान चुकीने आवाजाची पट्टी तेवढी सरकते. एसएसबी व्यवहारात टिकली, त्यामागे पट्टा वाचतो या कारणाइतकेच हेही कारण आहे.

एसएसबी एएमपेक्षा नेमकी किती पट सरस आहे?

या प्रश्नाला पुस्तकांत वेगवेगळे आकडे मिळतात आणि त्यांतले बहुतेक आपापल्या अटींपुरते बरोबर असतात, म्हणून अट कोणती हे आधी पाहावे लागते.

कॅरियर १०० वॅट आहे आणि मॉड्युलेशन पूर्ण, म्हणजे १०० टक्के, आहे असे धरू. शुद्ध सुरासाठी प्रत्येक साइडबँडमध्ये २५ वॅट जातात. एकूण १५० वॅट. यांपैकी दोन तृतीयांश शक्ती काहीही न सांगणाऱ्या कॅरियरमध्ये आहे आणि एका साइडबँडच्या वाट्याला फक्त एक षष्ठांश येते. ही झाली सर्वांत अनुकूल स्थिती. मॉड्युलेशन ३० टक्क्यांवर आले, जे साध्या बोलण्याच्या ओघात सहज घडते, तर दोन्ही साइडबँड मिळून केवळ ४.५ वॅट उरतात आणि कॅरियर मात्र आपले १०० वॅट खर्च करीतच राहते.

आता ट्रान्समीटरच्या अंगाने पाहू. पूर्ण मॉड्युलेशनच्या शिखरावर एएमचा व्होल्टेज कॅरियरच्या दुप्पट होतो, म्हणजे त्या क्षणी शक्ती चौपट, ४०० वॅट. याला शिखर शक्ती किंवा पीईपी म्हणतात, आणि अॅम्प्लिफायर तेवढी शिखरे न कापता सोसेल इतका मोठा करावा लागतो. तोच ४०० वॅट शिखर शक्तीचा अॅम्प्लिफायर एसएसबीला दिला, तर चारशेच्या चारशे वॅट एका साइडबँडमध्ये पडतात. रिसीव्हरकडे एएमचे दोन साइडबँड व्होल्टेजने जुळतात, त्यामुळे २५ अधिक २५ वॅटचा परिणाम १०० वॅटसारखा होतो. पण एएमसाठी रिसीव्हरचा फिल्टर दुप्पट रुंद ठेवावा लागत असल्याने गोंगाटही दुप्पट शिरतो, आणि निव्वळ परिणाम ५० वॅटचा राहतो. चारशे विरुद्ध पन्नास, म्हणजे आठ पट, म्हणजे ९ डेसिबेल. पुस्तकांत सांगितला जाणारा ९ डेसिबेलचा लाभ तो हाच.

सरासरी साइडबँड शक्ती समान ठेवून तुलना केली, तर हा लाभ नाहीसा होतो आणि एएम व एसएसबी गोंगाटाच्या दृष्टीने सारखेच ठरतात. हे वाचून काहींना एसएसबीची प्रौढी उगाच सांगितली जाते असे वाटते. तसे नाही. खिशातून पैसे साइडबँड शक्तीसाठी नव्हे, तर अॅम्प्लिफायर, वीज आणि बॅटरी यांसाठी जातात, आणि त्या तिन्ही ठिकाणी एसएसबी स्वस्त पडते. शिवाय बोलणारा श्वास घ्यायला थांबला की एसएसबीत हवेत काहीच जात नाही. बॅटरीवर चालणाऱ्या केंद्रासाठी हा फरक डेसिबेलमध्ये मोजता येत नाही, तासांत मोजावा लागतो.

माझा रिग (बोलण्या-ऐकण्याचा हॅम संच) १०० वॅटचा आहे. एएम निवडले की २५ वॅटच का दाखवतो? बिघडला आहे का?

बिघडलेला नाही. २५ वॅट कॅरियरची पूर्ण मॉड्युलेशनवरील शिखर शक्ती १०० वॅट होते आणि रिगची मर्यादा तीच आहे. कॅरियर ५० वॅटवर चढवली तर शिखरे कापली जातील, आवाज फाटेल आणि शेजारच्या वारंवारतांवर कचरा पडेल. एएमवर कॅरियर अखंड चालू राहत असल्याने सेटही लवकर तापतो, हे उन्हाळ्यात विशेष लक्षात ठेवावे.

रात्री एएम केंद्राचा आवाज मध्येच फाटल्यासारखा का होतो, आणि एसएसबीत तसे का होत नाही?

दिवसा मध्यम लहरी जमिनीलगत येतात. सूर्य मावळल्यावर आयनोस्फियरचा सर्वांत खालचा, लहरी शोषणारा थर विरतो आणि वरून परावर्तित झालेली लहरही पोहोचू लागते. शहरात जमिनीवरची लहर इतकी जोरदार असते की वरून आलेलीची दखल लागत नाही. पण केंद्रापासून पुरेसे दूर गेल्यावर असा एक पट्टा येतो, जेथे दोन्ही जवळजवळ तुल्यबळ असतात, आणि तेथेच रात्री घोटाळा होतो.

शॉर्टवेव्हवर तर दोन्ही लहरी वरूनच, पण वेगवेगळ्या वाटांनी येतात. त्या दोन वाटांत अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक असेल, म्हणजे सुमारे १५० किलोमीटरचा, तर दर २ किलोहर्ट्झवर एक वारंवारता अशी येते जिथे दोन्ही लहरी एकमेकींना रद्द करतात. हे खड्डे स्थिर नसतात. आयनोस्फियर हलत राहते तसे तेही सरकत राहतात. खड्डा साइडबँडवर पडला तर आवाजातील एखादा सूर क्षणभर दबतो, इतकेच. पण तो नेमका कॅरियरवर पडला, तर साइडबँड शाबूत राहतात आणि त्यांना तोलणारी कॅरियरच नाहीशी होते. साध्या रिसीव्हरमधला डायोड लहरीची बाह्यरेषा पाहून आवाज काढतो. कॅरियर खचली की ती बाह्यरेषा मूळ आवाजासारखी राहत नाही, आणि जणू १०० टक्क्यांहून जास्त मॉड्युलेशन झाले असावे तसा आवाज फाटतो. सिग्नल जोरदार असूनही बोलणे कळत नाही, असा अनुभव येतो तो यामुळे.

एसएसबीत कॅरियर रिसीव्हरच्या पोटातच तयार होत असल्यामुळे तिला खड्डा लागूच शकत नाही. माझ्या मते दूरच्या शॉर्टवेव्ह संभाषणात एसएसबीचा खरा फायदा ९ डेसिबेलहून अधिक येथे आहे. पण तो एका आकड्यात मांडता येत नसल्याने परीक्षेच्या उत्तरांत त्याला एक ओळ मिळते.

इतके गुण असताना आकाशवाणी एसएसबीवर का गेली नाही?

कारण प्रसारणात ट्रान्समीटर एक आणि रिसीव्हर लाखो. कॅरियर पाठवणे म्हणजे प्रत्येक श्रोत्याच्या घरी लागणारा एक अचूक ऑसिलेटर केंद्रावरूनच पुरवणे. विजेचे बिल केंद्राने भरायचे आणि श्रोत्याच्या संचात एक डायोड, एक रोध आणि एक लहान कपॅसिटर एवढ्यावर भागवायचे, असा हा व्यवहार आहे. भारतीय ट्रान्झिस्टरमध्ये वर्षानुवर्षे बसवला गेलेला ओए७९ हा जर्मेनियम डायोड एवढेच काम करीत असे, आणि संचाची डायल थोडी इकडेतिकडे झाली तरी गाणे बेसूर होत नसे.

एसएसबीत हाच भार श्रोत्यावर येतो. बोलणे १५-२० हर्ट्झच्या चुकीपर्यंत नैसर्गिक वाटते, आणि ५० हर्ट्झ चुकले तरी अर्थ कळतो. संगीताला तेवढी सूट नाही. तानपुऱ्याच्या एका तारेत २०० हर्ट्झ, ४००, ६०० असे पटीतले सूर असतात. बीएफओ ३० हर्ट्झने चुकला तर ते २३०, ४३०, ६३० होतात. ही पट्टी बदलणे नव्हे, कारण पट्टी बदलताना सूरांमधले गुणोत्तर कायम राहते. येथे गुणोत्तरच मोडते आणि जुळवलेली तार फुटक्या भांड्यासारखी वाजू लागते. ज्या शहरात उस्ताद अमीर खाँ राहिले, तेथील श्रोते हे सहन करतील अशी अपेक्षा कोणीही करू नये.

शॉर्टवेव्ह प्रसारणासाठी एसएसबीचा प्रयत्न झाला नाही असे मात्र नाही. १९८७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत शॉर्टवेव्हवरील दुहेरी साइडबँड टप्प्याटप्प्याने मागे घेऊन २०१५ च्या अखेरीस बंद करण्याचे ठरले होते. घराघरांतील संच बदलले नाहीत, दरम्यान डिजिटल पद्धती पुढे आल्या आणि ती योजना मागे पडली. आकाशवाणीने पुढे आपल्या अनेक मध्यम लहरींच्या ट्रान्समीटरसाठी डीआरएम ही डिजिटल पद्धत निवडली, एसएसबी नव्हे.

हॅम, जहाजे किंवा लष्करी केंद्रे यांच्या बाबतीत हे गणित उलटे होते. तेथे दोन्ही टोकांना प्रशिक्षित माणूस असतो, रिसीव्हर महाग असला तरी मोजकेच लागतात आणि ट्रान्समीटरची शक्ती कायमच अपुरी असते. दूरसंचार अभियांत्रिकीचे लष्करी महाविद्यालय इंदूरशेजारी महूला आहे, म्हणून अनेक विद्यार्थी सैन्यातील वापराविषयी विचारतात. एचएफवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, दूरच्या आवाजी संपर्कासाठी जगभरची सैन्ये एसएसबीकडे वळली त्याचे कारण हेच.

विमानतळाचा नियंत्रण कक्ष आणि वैमानिक अजून एएमवर का बोलतात?

विमाने ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एएम वापरतात, आणि त्यामागे केवळ जुनी सवय नाही. दोन विमाने एकाच वेळी बोलली तर एएममध्ये त्यांच्या कॅरियरच्या फरकाची शिट्टी ऐकू येते आणि नियंत्रकाला कळते की आणखी कोणी तरी बोलत होते. एफएममध्ये जोरदार सिग्नल दुर्बळाला पूर्ण गिळून टाकतो. एसएसबीची अडचण वेगळी: ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या विमानाच्या लहरीत १२० मेगाहर्ट्झवर डॉपलर परिणामाने सुमारे १०० हर्ट्झचा फरक पडतो, आणि त्यात दोन्ही सेटांच्या ऑसिलेटरची चूक मिळवली तर आवाज ओळखू येणार नाही. एएममध्ये कॅरियर आणि साइडबँड एकत्रच सरकत असल्याने कानाला काहीच जाणवत नाही. समुद्रावरून जाताना मात्र, जेथे हा व्हीएचएफ पट्टा पोहोचत नाही, तीच विमाने एचएफवर अप्पर साइडबँडने बोलतात. तेथील वारंवारता कमी असल्यामुळे डॉपलरचा फरकही दहा-पंधरा हर्ट्झच्या आसपास राहतो.

जुन्या शॉर्टवेव्ह संचावर हॅम लोकांचे बोलणे बदकाच्या क्वॅक-क्वॅकसारखे येते. ते समजेल असे करता येईल का?

त्या संचात बीएफओ नाही, म्हणून डायोडला साइडबँडच्या चढउताराखेरीज काही मिळत नाही. एक जुनी युक्ती मात्र काम देते. सुईच्या डायलचा दुसरा रेडिओ शेजारी ठेवावा. अशा संचातला स्थानिक ऑसिलेटर बहुधा ऐकायच्या वारंवारतेच्या ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो आणि थोडासा बाहेर गळतो. पहिला संच ७.१०० मेगाहर्ट्झवर ठेवून दुसरा ६.६४५ मेगाहर्ट्झच्या आसपास अगदी हळू फिरवला, तर त्याची गळती ७.१०० वर येऊन गाळलेल्या कॅरियरची जागा घेते आणि क्वॅक-क्वॅकमधून माणसाचा आवाज बाहेर येतो. दोन संचांमधले अंतर कमीजास्त करून गळतीचे प्रमाण साधावे. आवाज टिकून राहणार नाही, कारण असे ऑसिलेटर तापमानाबरोबर सरकतात. पण एसएसबी म्हणजे काय हे समजायला याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही. अंकदर्शक डायलच्या नव्या संचांची अंतर्गत रचना बहुधा निराळी असते, तेथे ही युक्ती चालेलच असे नाही.

रिसीव्हरमध्ये एसएसबी आहे, तरी आवाज कधी जाड, कधी चिरका येतो.

डायल मूळ वारंवारतेवर नीट बसलेली नाही. लोअर साइडबँडवर तुमची डायल प्रेषकापेक्षा वर असेल तर आवाज चिरका होतो आणि खाली असेल तर जाड. अप्पर साइडबँडवर याच्या उलट. डायल १० हर्ट्झच्या टप्प्याने फिरवून आवाज ओळखीचा होईल तेथे थांबावे. सात मेगाहर्ट्झवर २० हर्ट्झ म्हणजे दशलक्षात सुमारे तीन भागांची अचूकता, आणि ती आज सामान्य क्रिस्टल ऑसिलेटरलाही जमते. १४५ मेगाहर्ट्झवर तेवढेच २० हर्ट्झ साधायचे तर वीसपट कडक अचूकता लागते, आणि हातातल्या व्हीएचएफ सेटांवर एफएमच का दिसते याचे एक उत्तर त्यात आहे.

बोलण्याच्या मधल्या जागांत खरखर उसळत असेल, तर तो दोष एजीसीचा, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सांभाळणाऱ्या मंडलाचा, आहे. एएममध्ये कॅरियर अखंड असल्याने रिसीव्हरला सिग्नलची पातळी सतत कळते. एसएसबीत शब्द थांबला की पातळीही संपते. म्हणून एसएसबीसाठी एजीसी झटकन पकडणारा पण सावकाश सोडणारा ठेवावा.

लोअर आणि अप्पर यांपैकी कोणता साइडबँड केव्हा वापरतात?

हॅम मंडळी १० मेगाहर्ट्झच्या खाली लोअर आणि वर अप्पर वापरतात. ५ मेगाहर्ट्झचा पट्टा याला अपवाद असून तेथे अप्पर चालतो. व्यावसायिक, सागरी आणि हवाई सेवा सर्वत्र अप्परच वापरतात. दोहोंच्या गुणवत्तेत काहीच फरक नाही.

ही प्रथा कशी पडली याविषयी नेहमी सांगितली जाणारी हकिकत अशी: ९ मेगाहर्ट्झवर एसएसबी तयार करून ५ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरशी मिसळली, की बेरजेने १४ आणि वजाबाकीने ४ मेगाहर्ट्झ मिळते, आणि वजाबाकीत साइडबँड उलटतो. कागदावर पडताळून पाहावे: नऊमधून ऑसिलेटरचे पाच वजा केले तर साइडबँड उलटत नाही. तो उलटण्यासाठी एसएसबी ५ मेगाहर्ट्झवर तयार होऊन ऑसिलेटर ९ वर असावा लागतो. ही हकिकत तपासल्याशिवाय परीक्षेत लिहू नये.

एसएसबी तयार कशी करतात? घरी करता येईल का?

तीन वाटा आहेत. सर्वांत रुळलेली फिल्टरची: बॅलन्स्ड मॉड्युलेटरमध्ये कॅरियर दाबली जाते आणि उरलेल्या दोन साइडबँडपैकी एक क्रिस्टल फिल्टर गाळून टाकतो. बोलणे ३०० हर्ट्झपासून सुरू होत असल्याने दोन्ही साइडबँडमध्ये ६०० हर्ट्झची मोकळी जागा राहते, आणि फिल्टरला तेवढ्या जागेत उतरता येते. जेथे ही मोकळी जागाच नसते, तेथे ही वाट बंद होते. म्हणूनच अॅनालॉग दूरदर्शनच्या चित्रासाठी एक साइडबँड पूर्ण काढण्याऐवजी त्याचा थोडा भाग ठेवून देत असत.

दुसरी वाट कलांतराची. यात आवाज आणि कॅरियर या दोन्हींची ९० अंश सरकवलेली जोडी करून अशा रीतीने मिसळतात की एक साइडबँड आपोआप रद्द होतो. यातला कस अचूकतेत आहे: एका अंशाची चूक झाली तर नको असलेला साइडबँड सुमारे ४१ डेसिबेलनेच दबतो. सुट्या भागांनी हे साधणे कष्टाचे होते. आज सॉफ्टवेअरवर चालणारे रेडिओ हेच काम अंकगणिताने करतात. तिसरी, १९५६ मध्ये डोनाल्ड वीव्हर यांनी मांडलेली, दोनदा मिश्रण करून पहिल्या दोहोंच्या अडचणी टाळते, परंतु फिल्टर स्वस्त झाल्यावर घरगुती बांधणीत तिचा फारसा प्रसार झाला नाही.

घरी करायची तर हैदराबादचे अशहर फरहान यांनी रचलेला बिटएक्स हा ट्रान्सीव्हर पाहावा. महागड्या तयार फिल्टरऐवजी बाजारात मिळणाऱ्या एकाच वारंवारतेच्या काही क्रिस्टलांची शिडी करून फिल्टर बांधायचा आणि तीच मधली साखळी ऐकण्यासाठीही व बोलण्यासाठीही वापरायची, ही त्याची मध्यवर्ती कल्पना. जेल रोडवर मोबाइलच्या सुट्या भागांच्या मानाने हे भाग कमी सापडतात, तरी क्रिस्टल, डायोड आणि ट्रान्झिस्टर यांपलीकडे त्यात दुर्मिळ असे थोडेच आहे. क्रिस्टल मात्र एकाच लॉटमधले घेऊन, प्रत्येकाची वारंवारता मोजून, जवळचे निवडावेत.

एएमचा अॅम्प्लिफायर एसएसबीला चालतो का?

सहसा नाही. शेवटच्या टप्प्यात मॉड्युलेशन करणाऱ्या एएम ट्रान्समीटरमध्ये तो टप्पा क्लास सी मध्ये, अतिशय कार्यक्षमतेने चालवता येतो, कारण आवाजाची चढउतार त्याच्या वीजपुरवठ्यातूनच दिली जाते. एसएसबीचा सिग्नल आधी लहान पातळीवर तयार होतो आणि मग वाढवला जातो. वाढवताना आकार बिघडता कामा नये, म्हणून लिनिअर अॅम्प्लिफायर लागतो. तो वाजवीपेक्षा जास्त ढकलला तर अरुंद पट्टा वाचवण्याचा सारा खटाटोप वाया जातो, कारण विकृतीतून निपजलेले सूर दोन्हीकडे पसरतात. माइक गेन शेवटपर्यंत फिरवून ठेवणारे नवे हॅम ही चूक सर्रास करतात, आणि त्यांना ती कोणी सांगितली तर राग मानतात.

शहरात गोंगाट फार आहे. एसएसबीने तो कमी होईल का?

काही अंशी. फिल्टर निम्मा अरुंद असल्याने शिरणारा गोंगाट निम्मा, म्हणजे ३ डेसिबेल कमी. राजवाड्याच्या आसपासच्या दाट वस्तीत एलईडी दिव्यांचे पुरवठे, इन्व्हर्टर आणि चार्जर मिळून शॉर्टवेव्हवर जी खरखर करतात, तिच्यापुढे ३ डेसिबेल फारसे नाहीत. अँटेना घरातील तारांपासून दूर, गच्चीवर नेल्याने याहून पुष्कळ जास्त फरक पडतो. ४० मीटर (७ मेगाहर्ट्झच्या) पट्ट्यासाठी सुमारे २० मीटर लांबीची डायपोल तार उलट्या व्ही आकारात बांधली, तर ती लहरी बऱ्याच अंशी वर फेकते आणि त्या आयनोस्फियरवरून जवळच्याच प्रदेशात उतरतात. इंदूरहून पुणे आणि मुंबई सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटर, ग्वाल्हेर साडेचारशेच्या आसपास आणि वडोदरा तीनशेच्या आत आहे. दिवसा हे सारे अंतर या पट्ट्याच्या आवाक्यातले आहे.

एसएसबी रिसीव्हरवर साधे एएम केंद्र ऐकण्यात काही लाभ आहे का?

आहे, आणि तो बहुतेक श्रोत्यांना माहीत नसतो. रात्री मध्यम लहरींवर केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने दाटीने बसलेली असतात, त्यामुळे ६४८ च्या वर ६५७ आणि खाली ६३९ येते. वरून त्रास होत असेल तर लोअर साइडबँड निवडावा, खालून होत असेल तर अप्पर. नंतर डायल शिट्टी शून्यावर येईपर्यंत फिरवावी. दोन्ही साइडबँडमध्ये तोच कार्यक्रम असल्याने काहीही गमावत नाही, आणि स्थानिक ऑसिलेटर कॅरियरची जागा घेत असल्यामुळे वर सांगितलेले आवाजाचे फाटणेही पुष्कळ कमी होते. फक्त गाणे ऐकायचे असेल तर शून्य खरोखर शून्य असावे.

ही कल्पना कधीची?

अमेरिकी टेलिफोन कंपनीत काम करणारे जॉन कार्सन यांनी १९१५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला; ते १९२३ मध्ये मिळाले. ७ जानेवारी १९२७ रोजी सुरू झालेली न्यूयॉर्क-लंडन रेडिओ टेलिफोन सेवा याच पद्धतीवर चालली. पण तिचा सर्वांत मोठा वापर हवेत नव्हे, तर टेलिफोनच्या ट्रंक मार्गांवर झाला: प्रत्येक बोलण्याला ४ किलोहर्ट्झ देऊन बारा बोलणी ६० ते १०८ किलोहर्ट्झच्या एका गटात बसवत, आणि असे गट एकावर एक रचून एकाच केबलवरून शेकडो संभाषणे नेत. अॅनालॉग काळात पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांशी ट्रंक कॉलवर बोललेल्या अनेकांनी एसएसबी न कळत वापरलेली आहे.

हॅम पट्ट्यांवर एएमने बोलण्यास मनाई आहे का?

नाही. प्रक्षेपण कोणतेही असो, परवाना मात्र आधी लागतो. तो परीक्षेनंतर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो, आणि जनरल श्रेणीला व्हीयू२, तर रिस्ट्रिक्टेड श्रेणीला व्हीयू३ ने सुरू होणारे संकेतनाम दिले जाते. एएमचा भरदार आवाज आवडणारी मंडळी आजही आहेत आणि जुने व्हॉल्व्हचे ट्रान्समीटर दुरुस्त करून चालवण्यात त्यांना वेगळाच आनंद मिळतो. अडचण जागेची आहे. आपल्याकडचा ४० मीटर पट्टा ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ, म्हणजे एकूण २०० किलोहर्ट्झ, त्यातही खालचा भाग मोर्स आणि डिजिटल संदेशांसाठी ठेवलेला. तेथे एक एएम संभाषण दोन एसएसबी संभाषणांची जागा घेते, आणि त्याची कॅरियर शेजाऱ्यांच्या कानात अखंड शिट्टी वाजवते. म्हणून सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळा सोडून, आधी काही वेळ ऐकून, मोकळी जागा दिसली तरच एएम चालू करावे.